उपटलेली रोपं

सकाळी बारक्या खालच्या वाफ्यांकडे गेला तेव्हा म्हातारा ओल्या मातीत उकिडवा बसून स्वतःशीच हसत होता, आणि कोबीची सगळी रोपं उपटलेली होती.

नुसती उपटली नव्हती. एकेका रोपाची माती झटकून, मुळं एका बाजूला आणि पानं एका बाजूला करून बांधावर ओळीने जुड्या मांडल्या होत्या. काल जिथे हिरवे ठिपके दिसत होते तिथे आता विंचरल्यासारखी काळी माती तेवढी उरली होती. पहाटेपासून बसला असणार. पायजमा गुडघ्यापर्यंत दवाने भिजला होता, बोटं गारठून लाल झाली होती.

"आलात का राजे?" म्हातारा म्हणाला. "तण किती माजलं होतं! तुम्ही झोपा. आम्ही आहोत राबायला."

हवेत गारवा शिरला होता, दिवस आखूड व्हायला लागले होते. टोमॅटोचे वेल वाळत आलेले, घेवड्याचा शेवटचा तोडा राहिलेला, भोपळे काढून शेडमध्ये सुकत घातलेले. थंडीत हाताशी येणारं पीक म्हणजे हा कोबीच. त्याने आणि बायकोने पाठीचे काटे मोडेपर्यंत वाकून ती रोपं लावली होती. आता पुन्हा बी टाकायचं म्हटलं, तर गड्डा धरायच्या आत कडाका पडणार.

"बाबा," तो म्हणाला, "ही कोबीची रोपं होती."

"कोबी मला शिकवतोस?" म्हातारा म्हणाला. कोपऱ्यात चुकून राहिलेलं एक रोप त्याला दिसलं. सरकत जाऊन त्याने ते चिमटीत धरलं, उपटलं, माती झटकली आणि जुडीवर ठेवलं.

तेव्हा बारक्याने त्याला लाथ घातली.

हा बारक्या चाळिशी कधीच ओलांडलेला, पोट सुटलेला, कानशिलं पिकलेला माणूस. लहानपणी काटकुळा होता म्हणून पडलेलं नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. आणि त्याच्या बापाला आसपासच्या शेतांवर सगळे पाठीमागे 'चाबूक' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

चाबकाकडे खरं तर चाबूक नव्हता. मोटारीच्या जाड नळीचा हातभर तुकडा होता, तो स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असे. कोणी वाफ्यातून चाललं, कोणी देठ मोडून भोपळा आणला, कोणी पालेभाजीचं क्रेट उन्हात ठेवलं, की तो काही न बोलता दारामागे हात घाली. ओरडला असता तर पळायला वेळ तरी मिळाला असता. थोरल्या मुलाचं मनगट त्याने मोडलं, ते फाटक उघडं राहून शेजारच्या शेळ्या घेवड्यात शिरल्या एवढ्या निमित्ताने. मनगट जुळलं तसा थोरला भाजीच्या टेम्पोत क्रेटांच्या मागे बसून निघून गेला, तो पुन्हा तोंड दाखवायला आला नाही. आईला कधीमधी फोन करतो, "आहे का अजून?" विचारतो, आणि आई "आहे" म्हणाली की हवापाण्याचं बोलतो. आईचा डावा कान एका थपडेत कायमचा गेला. तिच्याशी बोलायचं तर उजव्या अंगाला जावं लागे, आणि जे ऐकायचं नसेल त्याच्याकडे ती डावी बाजू करी.

एका बारक्याच्या बायकोवर तेवढा त्याचा हात चालला नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मुळे धुताना हौदाचं पाणी वाया घालवलं म्हणून त्याने तिच्यावर हात उगारला. तिने ओल्या हाताने त्याचं मनगट वरच्या वर धरलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हा हात खाली आणायचा तर आणा. पण मग झोपताना एक डोळा उघडा ठेवून झोपा." म्हातारा बघतच राहिला. त्या दिवसापासून तो तिच्याशी जपून, जवळजवळ अदबीने वागायला लागला. बारक्याला मात्र तेव्हा आनंद झाला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंच करायचं होतं?

गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्याला झटका आला. शरीर सावरलं, डोकं काही सावरलं नाही. तो अंथरुणात होता त्या आठवड्यात आईने दारामागचा नळीचा तुकडा काढून शेगडीत घातला. घरभर जळक्या रबराचा घाण वास सुटला, पण तिने खिडकी उघडली नाही. महिनाभर घरात सगळे मोकळेपणाने चालायला लागले, आणि मग म्हातारा उठला. अंगात बैलाची रग, आणि डोक्यात काही म्हणता काही नाही. बारक्याला कधी थोरला समजायचा, कधी मजूर, कधी कोणीच नाही. फक्त कामाची हौस तेवढी तशीच राहिली होती. तीच नडली.

भोपळे काढले त्या दिवशी त्याने अख्ख्या ढिगातल्या भोपळ्यांचे देठ पिरगाळून काढले. देठ गेलेला भोपळा टिकत नाही, तिथून कुजायला लागतो, हे ज्याने सगळ्यांना मारून मारून शिकवलं त्यानेच. बारक्याने त्याच्या तोंडात मारली. मारली आणि स्वतःच दचकला. म्हातारा गाल धरून उभा राहिला, ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आलं. आणि बारक्याला, सांगायला नको पण खरं आहे, फार बरं वाटलं. उन्हातून येऊन घटाघट पाणी प्यावं तसं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

मग त्याचा हात शिवशिवायला लागला. चहा सांडला, दे एक. चप्पल हरवली, दे एक. बायको घेवड्यात असेल, टेम्पोवर असेल तेव्हाच. आईच्या देखत एकदोनदा झालं, तेव्हा तिने डावी बाजू केली. म्हातारा विसरून जायचा. हेच सगळ्यात सोयीचं होतं.

तर त्या सकाळी लाथ बसली आणि म्हातारा जुड्यांवर आडवा झाला. बारक्याने त्याला बखोटीला धरून उठवलं आणि पुन्हा पाडलं. कानाखाली मारली. पाठीत बुक्क्या घातल्या. "तण? हे तण?" असं काहीतरी तो ओरडत होता. म्हाताऱ्याच्या नाकातून रक्त आलं, ते पांढऱ्या मिशीवरून तोंडात गेलं. मग म्हातारा कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही कानांवर हात घट्ट धरले आणि डोकं छातीत खुपसलं.

ही बैठक बारक्याला ठाऊक होती. कोपर कुठे ठेवलं म्हणजे बरगडी वाचते, हेही ठाऊक होतं. त्याने ते कोपर लाथेने बाजूला केलं आणि मोकळ्या झालेल्या बरगडीत मारलं.

पाठीमागून कोणीतरी त्याला असा धक्का दिला की तो तोंडावर पडला. उठतो तर बायको. हातात घेवड्याची अर्धी भरलेली टोपली, शेंगा सगळीकडे उडालेल्या.

"किती दिवस?" ती म्हणाली.

"अगं, कोबी बघ! सगळा कोबी..."

"कोबी दिसतोय मला. किती दिवस चाललंय हे? गालावरचा डाग पडून झाला म्हणालास. दंडावरचं क्रेट लागलं म्हणालास." लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने कधी त्याला अरे-तुरे केलं नव्हतं. "मी वेडी. मी त्यांच्या पायांखालचे दगड वेचत होते."

"तुला काय माहीत त्याने आम्हाला..."

"सगळं माहीत आहे. ते माहीत असूनच तुझ्याशी संसार केला. तू तसा नाहीस म्हणून केला." तिने खाली बसून पदराने म्हाताऱ्याचं नाक पुसलं. म्हातारा अजून कान झाकून होता. "पुन्हा ह्यांना हात लावलास तर मी जाईन. आणि आईंना घेऊन जाईन. मग तू आणि हे, बसा एकमेकांना मारत."

ती म्हाताऱ्याला धरून घराकडे घेऊन गेली. बारक्या वाफ्यात बसला. रोपं अजून ताजी होती, पानं टवटवीत होती. त्याने काही परत मातीत खोचून पाहिली. मुळं तुटलेली होती, रोपं आडवी पडत होती. मग त्याला रडू आलं, आणि ते कशासाठी आलं हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

शेतावर रडत बसायला सवड नसते. दुपारनंतर टेम्पो येणार होता. टोमॅटोची निवड व्हायची होती, भोपळे पुसून क्रेटांत भरायचे होते, कांद्याची पात कापायची होती. जेवताना बाकीच्यांनी ताटातलं नुसतं चिवडलं. म्हातारा मात्र पोटभर जेवला. नाक सुजलेलं, डोळ्याखाली काळंनिळं. मधेच हात थांबवून त्याने विचारलं, "मला कोणी मारलं गं?"

आई उठून पाणी आणायला गेली.

"एक माणूस होता," म्हातारा म्हणाला. "जाडा. खालच्या वाफ्यात. चोर असणार." बारक्याने ताटातून मान वर केली नाही.

जेवणं झाल्यावर सगळे शेडमध्ये बसले. ही शेड म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि समोरून उघडी. एका भिंतीला कांद्याचा ढीग, दुसऱ्या भिंतीला भोपळे, मधे पाटावर आई टोमॅटो निवडत होती. पिकलेले एकीकडे, कच्चे दुसरीकडे, चिरलेले घरात. बायको क्रेटांना कागद लावत होती. बारक्या पाठमोरा बसून फडक्याने भोपळे पुसत होता. म्हाताऱ्याला त्यांनी उघड्या बाजूला पोत्यावर बसवलं होतं, उन्हात.

पात कापायचा विळा कांद्याच्या ढिगावर पडला होता. तो तिथे कोणी ठेवला यावर नंतर कोणी वाद घातला नाही. रोज तिथेच असायचा.

बारक्याला आईचा आवाज ऐकू आला. तिने त्याला लहानपणीच्या खऱ्या नावाने हाक मारली, जे नाव घरात कोणी घेत नसे. म्हणून तो वळला. आणि वळला म्हणूनच विळा मानेवर बसायचा तो त्याने आडव्या घातलेल्या डाव्या हातावर बसला.

आधी दुखलंच नाही. कोपराखाली कातडं उघडलं आणि आतलं पांढरं दिसलं, आणि मग ते पांढरं लाल झालं. पुसून ठेवलेल्या भोपळ्यांवर पिचकारी उडाली. म्हातारा समोर उभा होता. दोन्ही पायांवर ताठ, डोळे लखलखीत, झटका येण्याआधीचा, थेट पूर्वीचा चाबूक.

"हाच!" तो म्हणाला. "हाच तो माणूस! ह्यानेच मारलं मला!"

विळा पुन्हा वर गेला. बारक्या मागे सरला, भोपळ्यांवरून पाय घसरला आणि उताणा पडला. दुसरा घाव त्याच्या कानाजवळच्या भोपळ्यात रुतला. म्हातारा विळा काढायला ओढू लागला. "माझ्या शेतात येऊन मला मारतो! मला!" बायको क्रेट टाकून धावली, पण ती शेडच्या त्या टोकाला होती.

आई जवळ होती.

पत्र्याला टेकू दिलेलं जाड लाकूड तिथे उभं होतं. तिने ते ओढून काढलं, पत्रा धडाडकन खाली झुकला. आणि त्या एवढ्याशा बाईने, जिला भरलेलं क्रेट एकटीने उचलता येत नसे, ते लाकूड दोन्ही हातांनी फिरवून म्हाताऱ्याच्या नडगीवर घातलं. हाड मोडल्याचा आवाज झाला, वाळक्या काठीसारखा. म्हातारा गुडघ्यांवर आला. विळा भोपळ्यातच राहिला.

तिथे थांबली असती तर गोष्ट वेगळी. ती थांबली नाही.

तिने दुसरा पाठीत घातला. तिसरा खांद्यावर. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, काही बोलतही नव्हती. धोपटण्याने कपडे धुवावेत तसं, एका लयीत, नीट नेम धरून मारत होती. म्हातारा आडवा झाला, गुडघे पोटाशी घ्यायला गेला, पण एक पाय वळेना. कानांवर हात घेतले. तिने हातांवर मारलं.

"आई!" बायको किंचाळली. पण ती आईच्या डाव्या बाजूला होती.

बारक्याने काय केलं ते त्याने ठरवून केलं नाही. तो रांगत गेला, रक्ताचा हात पोटाशी दाबून, आणि बापाच्या अंगावर पालथा पडला. पुढचा तडाखा त्याच्या कमरेत बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली म्हाताऱ्याचं अंग थरथरत होतं, त्याला घामाचा आणि कांद्याचा वास येत होता.

"बाजूला हो," आई म्हणाली. ती धापा टाकत होती.

"नाही."

"हो म्हणते ना! तुझं मारून झालं की नाही? मी बघितलंय. मग मला का नको?"

"आई, मरेल तो."

"मरू दे." तिने लाकूड पुन्हा उचललं. "माझा कान. थोरल्याचा हात. तुझी पाठ रोज रात्री मी तेल लावून शेकत होते, आणि हा पलीकडे घोरत होता. हो बाजूला!"

बारक्या हलला नाही. त्याने डोळे मिटले आणि म्हाताऱ्याचं डोकं आपल्या छातीखाली घेतलं. तडाखा आला नाही. बायकोने मागून आईला कवेत धरलं होतं. लाकूड दोघींच्या हातात होतं, आणि आई ते सोडत नव्हती. मग तिचे हातच थकले. लाकूड खाली पडलं. ती पाटावर बसली, आपल्या तळव्यांकडे पाहिलं, त्यात कुसळं शिरली होती. ती एकेक करून काढायला लागली.

बारक्याच्या छातीखालून बारीक आवाज आला, "कोण आहे रे?"

"मी आहे, बाबा."

"मारतायत मला."

"आता नाही मारत."

टेम्पोवाला आला तेव्हा बायकोने बारक्याचा हात फडक्याने करकचून बांधला होता आणि म्हाताऱ्याच्या पायाला दोन फळ्या लावल्या होत्या. टेम्पोवाला उतरला, झुकलेला पत्रा पाहिला, रक्त पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, आज माल काय न्यायचाय?" मग स्वतःच ओशाळला आणि धावत येऊन म्हाताऱ्याला उचलायला लागला. क्रेटं भरायची राहिली ती राहिली. बापलेक टेम्पोत रिकाम्या पोत्यांवर आडवे झाले. बायको त्यांच्यामध्ये बसली, एक हात ह्याच्यावर, एक हात त्याच्यावर. आई आली नाही. निघताना बारक्याने पाहिलं, ती पाटावर बसून टोमॅटो निवडत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं हे?"

"भोपळ्यांच्या ढिगावरून पडलो," बारक्या म्हणाला.

"दोघंही?"

"दोघंही."

डॉक्टरीणबाईंनी जखमेच्या कडा पाहिल्या. "भोपळ्यांना धार कधीपासून यायला लागली?" मग म्हाताऱ्याचा सदरा वर केला, पाठीवरचे ताजे वळ पाहिले, बरगडीवरचा सकाळचा काळा डाग पाहिला, गालावरचा पिवळा पडत चाललेला जुना डाग पाहिला. "हा आजचा नाही," त्या जुन्या डागावर बोट ठेवून म्हणाल्या. "हे मला लिहावं लागेल. घरी माणूस येईल चौकशीला. आणि पुन्हा इथे असंच पडून आलात, तर मी आधी पोलिसांना बोलावीन, मग टाके घालीन."

"लिहा," बायको म्हणाली. "खरं ते लिहा. मी सांगते."

आणि तिने सांगितलं. वाफ्यातलं, विळ्याचं, लाकडाचं, सगळं. बारक्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला वाटलं होतं, ऐकताना जीव जाईल. तसं काही झालं नाही. ऐकता ऐकता त्याला गुंगी आली.

हाताच्या दोन शिरा तुटल्या होत्या. जोडल्या, पण डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. म्हाताऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. चौकशीला माणूस आला, चहा घेऊन, प्रश्न विचारून गेला. नंतर ठरावीक दिवशी एक परिचारिका यायला लागली. ती म्हाताऱ्याचे कपडे काढून पाठ-पोट बघायची, आणि त्याला फार संकोच वाटायचा. बायकोने घरातली सगळी पाती, विळे, खुरपी, सुऱ्या एका लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कांदा चिरायचा तरी तिला हाक मारावी लागायची. आईने थोरल्याला आपण होऊन फोन केला आणि "मी त्याचा पाय मोडला," एवढंच सांगितलं. मग थोरला म्हणाला, "कोणता?"

रक्ताचे डाग पडलेले भोपळे टाकावेत असं बारक्याचं म्हणणं होतं. बायकोने ते हौदावर नेऊन धुतले. "धुतल्यावर सगळे सारखेच," ती म्हणाली, आणि ते क्रेटांत भरले. विळा लागला होता तो भोपळा मात्र तिने खड्ड्यात पुरला.

म्हाताऱ्याचं अंथरूण खिडकीपाशी घातलं होतं. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी बारक्या त्याला भरवायला बसला, तेव्हा त्याचं लक्ष बारक्याच्या हाताच्या पट्टीकडे गेलं. चेहरा हळूहळू तापत गेला.

"हे कोणी केलं?"

"काही नाही बाबा. पडलो."

"खोटं! हा वार आहे. नाव सांग." तो उठायला लागला. प्लास्टरचा पाय पलंगावरून धाडकन खाली पडला, त्याला कळ आली तरी तो उठतच होता. "माझ्या पोराच्या अंगाला हात लावतो? सोलून काढतो त्याला! माझी नळी आण! नाव सांग म्हणतो ना!" आणि बारक्या सांगत नाही असं पाहून त्याने मारायला हात उगारला, पूर्वीसारखाच. बारक्याने मान खाली घातली, तीही पूर्वीसारखीच. हात मधेच थांबला. कशासाठी उगारला तेच तो विसरला होता. तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

दारातून आई आत आली. स्टूल ओढून पलंगापाशी बसली.

"मी सांगते नाव," ती म्हणाली. "तुम्हीच केलंत."

"मी?"

"तुम्ही. विळ्याने. आणि तुमचा पाय मी मोडला. लाकडाने."

म्हातारा हसला. "तू? तुझ्यात कुठली एवढी ताकद?"

"आली," आई म्हणाली. आणि तिने सांगायला सुरुवात केली. ती विळ्यापासून सांगेल असं बारक्याला वाटलं होतं, पण ती लग्नाच्या वर्षापासून निघाली. कोणत्या दिवशी, कशावरून, कुठे. आवाज न चढवता, दर वेळी त्याला "तुम्ही" म्हणत. म्हातारा ऐकत होता. मधेच त्याची नजर खिडकीकडे जायची, तेव्हा ती गप्प बसायची आणि तो पुन्हा वळला की पुढे सांगायची. थोरल्याच्या मनगटाशी आली तेव्हा म्हातारा म्हणाला, "कोण माणूस होता तो? फार वाईट होता." आई म्हणाली, "होता."

रोज असं व्हायला लागलं. रोज त्याला पट्टी नव्याने दिसायची, रोज तो भडकायचा, आणि रोज आई कामातून उठून येऊन बसायची. बायको एकदा म्हणाली, "आई, कशाला? त्यांच्या लक्षात काही राहत नाही." आई म्हणाली, "त्यांच्या नाही राहत. माझं बाहेर पडतं."

बारक्या त्या वेळी बाहेरच्या ओट्यावर बसून एका हाताने कांद्याच्या जुड्या बांधायचा. खिडकी उघडी असायची, सगळं ऐकू यायचं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की आई एक गोष्ट दर वेळी गाळते. ती सगळं सांगते, आणि मग एकदम म्हणते, "आणि त्या दिवशी तुमचं डोकं फिरलं, नि तुम्ही विळा घेतलात." वाफ्यातलं सांगत नाही. गालावरच्या डागाचं सांगत नाही.

आठवडाभर त्याने ऐकलं. मग एका दुपारी, आई तिथवर आली, तसा तो जुडी खाली ठेवून आत गेला.

"आई, तू अर्धंच सांगतेस."

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिने डावी बाजू केली नाही. ती उठून उभी राहिली आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

बारक्या बसला. "बाबा, त्यांचं डोकं उगाच नाही फिरलं. म्हणजे, तुमचं. आधी मी तुम्हाला मारलं होतं. खालच्या वाफ्यात, सकाळी. त्याच्याआधीही मारलं होतं. बऱ्याचदा. तुम्ही विसरायचात, म्हणून मारायचो."

म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्या दिवशी त्याने मुलाला ओळखलं होतं. सकाळीच "बारक्या" म्हणून हाक मारली होती.

"तू मारलंस?"

"हो."

"मला?"

"हो."

"कशावरून?"

"तुम्ही रोपं उपटलीत म्हणून."

"कसली रोपं?"

"कोबीची. सगळी. तण म्हणून उपटलीत."

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो खरंच विचार करत होता. आयुष्यभर ज्या मातीत हात घातले तिचा हिशोब त्याच्या डोळ्यांत दिसत होता: लागवड, पाणी, पुढे येणारी थंडी. मग त्याने मान हलवली, एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याची बाजू समजून घ्यावी तशी, आणि बारक्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"कोबी उपटला? लावलेला?" तो म्हणाला. "मग मारायलाच हवं होतं."

बारक्याला वाटलं, उठून पळत सुटावं. बायको दारात येऊन उभी होती, आई भिंतीशी. त्याने बापाचा हात आपल्या गुडघ्यावरून उचलला, आपल्या चांगल्या हातात धरला.

"नाही बाबा," तो म्हणाला. "नको होतं."

"नको होतं?"

"नको होतं."

म्हाताऱ्याला ते पटलेलं दिसलं नाही. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, खिडकीबाहेरच्या मोकळ्या वाफ्यांकडे पाहू लागला, आणि थोड्या वेळाने त्याने विचारलं की आता तिथे काय लावणार आहात. बारक्याने सांगितलं की मुळा, अजून येईल. म्हातारा म्हणाला, उशीर झालाय, पण टाकून बघ.